दहापैकी चार

नमस्कार,

माझं वय ४१. माहेर, सासर दोन्ही सोलापुरातच, पूर्व भागात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी हिशेब सांभाळते. मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत, मुलगा बारावीला आहे. तीन वर्षांपासून सासूबाई अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळल्या आहेत. त्यांचं सगळं मीच करते. धाकटे दीर चिंचवडला असतात, नणंद बार्शीला. दोघं दिवाळीला येतात आणि "वहिनी, तू आहेस म्हणून आम्ही निर्धास्त" असं म्हणून जातात.

मध्यंतरी मैत्रिणीच्या आग्रहावरून एक ऑनलाइन शिबिर केलं. तिथं शिकवलं, की सुख हेच आयुष्याचं मुख्य ध्येय, बाकी सगळी त्याची साधनं. रोज रात्री झोपण्याआधी, आज आपण किती सुखी होतो, याला दहापैकी गुण द्यायचे आणि वहीत लिहायचे. माझे चारच्या वर जातच नाहीत. मैत्रिणीचे आठ-नऊ असतात. आधी मी नुसती दमलेली असायचे, आता दमलेली आणि वर नापास.

माझी आई दिवसाला हजार विड्या वळायची. 'तू सुखी आहेस का?' असं तिला कुणी विचारलं नाही. तिनंही स्वतःला विचारलं नसावं. मग तिचंच बरं होतं का?

लग्नानंतरही बरीच वर्षं मी संध्याकाळी आमच्या बोळातल्या विडी कामगारांच्या पोरांना गणित शिकवायचे. एवढ्याशा खोलीत वीस-बावीस पोरं, निम्मी तेलुगूत भांडणारी, एकाला अपूर्णांक समजावेपर्यंत दुसरा पळालेला. एक पोरगी तर छेद समान का करायचा हे डोक्यात शिरल्यावर उठून फळ्यापाशी गेली आणि बाकीच्यांना शिकवायला लागली, मला खडूच परत देईना! सासूबाई पडल्या आणि ते बंद झालं.

सुख हे मुख्य ध्येय असावं का? असावं, तर माझं कुठं चुकतंय?

– एक वाचक, सोलापूर

ताई,

ती वही आजच बंद करा. बाकीचं उत्तर सवडीनं वाचा, पण एवढं आधी करा.

गुण कमी पडतात म्हणून नव्हे, मैत्रिणीसारखे नऊ पडत असते तरी हेच सांगितलं असतं. सुखाला रोज रात्री तपासायला घेतलं, की त्या तपासणीतच ते कमी होतं. आयरिस मॉस या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाई. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणींना आधी, सुखी असणं किती महत्त्वाचं आहे, हे सांगणारा मजकूर वाचायला दिला; काहींना दिला नाही. मग सगळ्यांना एक आनंदी प्रसंगाची चित्रफीत दाखवली. सुखाचं महत्त्व वाचून आलेल्यांना ती बघून इतरांपेक्षा कमी बरं वाटलं. चित्रफीत तीच होती. पण आता आपल्याला छान वाटलंच पाहिजे, असं मनाशी धरून त्या बसल्या होत्या, आणि वाटलं ते त्यांना पुरेना. तुम्ही दिवसभराची कामं उरकून रात्री अकराला वही उघडता तेव्हा तुमचं वेगळं काही होत नाही. त्या दिवशी सासूबाईंनी न सांडता दोन घास खाल्ले असतील, मुलानं एखादं अवघड गणित सोडवून दाखवलं असेल. वही उघडेपर्यंत ते चांगलंच होतं. वहीत आल्यावर त्याचे चार झाले.

याच्याही खूप आधीचं एक उदाहरण आहे, आणि ते मला फार जवळचं वाटतं. जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज विचारवंत अशा घरात वाढला, जिथं जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हाच धर्म मानला जायचा. बेंथम हा त्या विचाराचा मुख्य माणूस, आणि मिलचे वडील त्याचे अनुयायी. १८२६ साली, विशीतल्या मिलनं स्वतःला विचारलं: ज्या सुधारणांसाठी मी धडपडतो त्या सगळ्या या क्षणी झाल्या, तर मी सुखी होईन का? आतून उत्तर आलं, नाही. त्यानंतर कित्येक महिने तो खचलेला होता. सावरल्यावर तो ज्या निष्कर्षाला आला तो तुमच्या शिबिराच्या अगदी उलट आहे. ज्यांचं लक्ष स्वतःच्या सुखाकडे नसून दुसऱ्या कशाकडे तरी लागलेलं असतं, तीच माणसं सुखी असतात. एखादं काम, एखादी विद्या, दुसऱ्या कुणाचं भलं. सुख मोलाचं आहे हे मिलनं पुढंही सोडलं नाही. फक्त त्याच्यावरच नजर रोखून बसलं तर ते मिळत नाही, एवढं त्याला कळलं.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. मी ते दोनदा वाचलं. कारखाना, शिबिर, दीर, नणंद, सगळं तुम्ही नेमक्या, आवरत्या शब्दांत लिहिलंय. आणि त्या पोरांच्या शिकवणीशी आल्यावर लिहिणं धावायला लागलं. भांडण आलं, पळून जाणं आलं, खडू न देणारी पोरगी आली. त्या संध्याकाळी तुम्ही सुखी होता का, याबद्दल एक अक्षर नाही. तुम्हाला ते लिहावंसंच वाटलं नाही. तेव्हा कुणी मध्येच थांबवून गुण मागितले असते, तर तुम्ही म्हणाला असतात, "थांबा हो, याचा छेद चुकलाय."

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: नाही. सुख हे आयुष्याचं मुख्य ध्येय असू नये. ध्येय म्हणून काहीतरी करण्याजोगं हवं, ज्यासाठी उठावं, शिकावं, कधी रडावं, आणि जे आपल्याखेरीजही जगात उरेल. सुख त्याच्या आगेमागे येतं, कधी येतही नाही.

रॉबर्ट नोझिक या अमेरिकी तत्त्वज्ञानं १९७४ मध्ये एक कल्पना मांडली होती. समजा असं एक यंत्र आहे, की त्याला जोडून घेतलं की जन्मभर हवे ते अनुभव मिळतात. खरं काहीच घडत नाही, पण तुम्हाला ते कळत नाही. तुम्हाला वाटत राहील, सासूबाई उठून चालायला लागल्या, बोळातली सगळी पोरं इंजिनिअर झाली. प्रत्यक्षात त्या अंथरुणातच असतील आणि पोरांना पाढेही येत नसतील. जोडून घ्याल? मला वाटतं, नाही घेणार. तुम्हाला नुसतं बरं वाटायला नकोय, सासूबाईंच्या पाठीला जखम न होणं हवंय, त्या पोरीला अपूर्णांक खरोखर येणं हवंय. मग जी गोष्ट आपण यंत्राकडून फुकटसुद्धा घेणार नाही, ती आयुष्याचं मुख्य ध्येय कशी?

पण इथंच मला सावध राहावं लागतं. 'सुख हे ध्येय नाही' हे वाक्य आपल्याकडे फार सोयीचं आहे, आणि ते बहुतेक वेळा बायकांनाच ऐकवलं जातं. 'आपलं सुख काय घेऊन बसलीस, घराकडं बघ.' माझं उत्तर तुमच्या दिरांच्या हातात पडलं, तर ते मान डोलावतील. म्हणून स्पष्ट लिहिते. सुख मुख्य ध्येय नाही, याचा अर्थ तुमचं सुख हिशेबात धरायचं नाही, असा मुळीच होत नाही. आपल्याकडे चार्वाक होऊन गेले. सुखात दुःख मिसळलेलं असतं म्हणून सुखच टाकून देणं हा शहाणपणा नव्हे, असं त्यांचं सांगणं. त्यांच्या बाकीच्या मतांशी माझं जुळत नाही, पण हे मी मानते. सुटीच्या दिवशी दुपारी निवांत झोप, कडक भाकरी नि शेंगाचटणी घेऊन माहेरी गप्पा मारत बसणं, गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत तासभर हिंडणं, हे कशाचंही साधन नसलं तरी हवं. मागून घ्यायला लाजू नका.

तुमच्या आईबद्दलच्या प्रश्नाचंही उत्तर यातच आहे. नाही, त्यांचं बरं नव्हतं. दिवसभर मान खाली घालून, पाय दुमडून, तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत हजार विड्या पुऱ्या करायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा बांधायचा, आणि कारखान्यात द्यायला गेल्यावर त्यातल्या किती नापास होतील याची धास्ती. कुणी काही विचारलं नाही, यात सुटका कसली? आईचं दुःख आईच्या पोटात राहिलं, एवढंच. पण सोलापूरच्या विडी कामगार बायकांची दुसरी गोष्टही तुम्हाला ठाऊक असणार. सोलापूरजवळच्या कुंभारीत कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरं दिली गेली. त्यामागं कामगार नेते नरसय्या आडम मास्तर आणि हजारो बायकांची वर्षानुवर्षांची लढाई होती. मोर्चे, निवेदनं, उन्हातलं बसणं. त्या बायका सुख मागत नव्हत्या. मजुरी मागत होत्या, फंड मागत होत्या, स्वतःच्या नावाचं घर मागत होत्या. मागण्या अशा होत्या, की मिळाल्या की नाही ते डोळ्यांना दिसेल. मला त्यांचं हे फार मोलाचं वाटतं. 'मी सुखी नाही' म्हटलं की लोक तुम्हालाच मन बदलायला सांगतात. 'मला हे हवंय' म्हटलं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

तर ताई, तुमच्या चार गुणांकडे आता असं बघू या. जगातल्या देशांचा सुखाचा क्रम दरवर्षी लागतो, तोही गुणांवरच. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी आहे असं समजा. सर्वांत वर तुम्हाला शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तळाशी सर्वांत वाईट. तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? असं लोकांना विचारतात. विचारतात ते अख्ख्या आयुष्याबद्दल, आजच्या दिवसाबद्दल नव्हे, आणि रोज रात्री तर मुळीच नाही. २०१८ पासून वर्षामागून वर्ष फिनलंड पहिला येतोय. तिथली माणसं सुखाच्या मागं जास्त लागतात म्हणून नव्हे. हे अहवाल करणारे देशादेशांतल्या फरकाची कारणं शोधताना जे बघतात त्यात उत्पन्न आहे, आरोग्य आहे, आपलं आपण ठरवायची मोकळीक आहे, आणि एक साधा प्रश्न आहे: अडचणीत हक्कानं बोलवावं असं तुम्हाला कुणी आहे का? फिनलंडमध्ये म्हाताऱ्या, आजारी माणसाची देखभाल एकट्या सुनेच्या गळ्यात पडत नाही. सरकारी व्यवस्था त्यात उतरते. तुम्हाला चार पडतात ते तुमच्या मनाच्या घडणीमुळं नाही. तीन वर्षं एक माणूस तीन माणसांचं काम करतोय, म्हणून पडतात. तुमचं चुकतंय असं मला कुठंच दिसलं नाही.

कुणी तुम्हाला त्यागाचे दाखले देईल. सोलापुरात तर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव लगेच येतं. १९३८ मध्ये चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांची सेवा केली आणि १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच वारले. त्यांच्यापुढं मीही नतमस्तक आहे. पण ते जायचं त्यांनी स्वतः ठरवलं होतं. तुम्हाला कुणी विचारलंच नाही. सासूबाई पडल्या त्या आठवड्यात सगळ्यांनी गृहीत धरलं, आणि तेच तीन वर्षं चाललंय. स्वतः उचललेलं ओझं आणि अंगावर टाकलेलं ओझं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, वजन तेवढंच असलं तरी. गड्ड्याला यण्णीमज्जनाच्या, म्हणजे तैलाभिषेकाच्या दिवशी बाराबंदी घातलेली माणसं नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच, जड काठ्या पेलत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा करतात. अंग मोडून निघतं, तरी पुढच्या वर्षी सरावाला पुन्हा हजर असतात. पण एकच माणूस एकटा तो नंदीध्वज शहरभर नेत नाही. पेलणारे बदलत राहतात, बरोबर चालणारे सांभाळतात. कितीही श्रद्धा असली तरी हे काम वाटूनच होतं.

म्हणून आता करायचं काय. बोलायचं ते तुमच्या मिस्टरांनी, तुम्ही नव्हे. आई त्यांची आहे, भाऊ-बहीण त्यांचे आहेत. तुम्ही बोललात की 'वहिनी कुरकुर करते' होतं. ते बोलले की तीन भावंडांमधली बोलणी होतात. दिवाळीची वाट बघू नका, सणात असले विषय कुणी काढू देत नाही. एखाद्या रविवारी तिघांनी फोनवर बसावं. फोनच्या आधी तुम्ही एक कागद तयार ठेवा. हिशेब तर तुमचा हातखंडा आहे. औषधं, डायपर, फिजिओथेरपी यांचा महिन्याचा खर्च. सासूबाईंची कूस बदलणं, अंघोळ, खाणं, कपडे यांना रोज लागणारे तास. आणि ते तास आज कोण देतंय. तुमच्या सुखदुःखाबद्दल त्यात काही लिहू नका. आकडे पुरेसं बोलतील.

मागायच्या दोन गोष्टी. पहिली, दिवसातून काही तास बाई ठेवायची आणि तिचा पगार तिघांनी वाटून द्यायचा. दुसरी, वर्षातून ठरावीक आठवडे दिरांनी किंवा नणंदेनं येऊन राहायचं. सासूबाईंना प्रवास झेपणार नाही, पण दीर-नणंदेला झेपेल. नणंद बार्शीला, म्हणजे एसटीनं साधारण दोन तासांवर. 'ती आता परक्या घरची' हे कारण चालू देऊ नका.

आणि एक गोष्ट तुम्ही स्वतःसाठी जाणून ठेवा. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे. त्यात ही जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर टाकली आहे. सुनेचं नाव त्या यादीत नाही. कोर्टकचेरी करा, असं मी म्हणत नाहीये, तुमच्या घरात तशी वेळ येईल असंही दिसत नाही. पण जे काम आजवर तुमचं कर्तव्य म्हणून गणलं गेलं, ते कायद्यानंही आधी त्या तिघांचं आहे. तुम्ही करता ती माया आहे. मनाशी हे एवढं पक्कं झालं, की फोनवर मागताना आवाज बसणार नाही.

तुमच्या पत्रात झोपेचा, भुकेचा उल्लेख नाही, म्हणून विचारते. पहाटे तीन-चारला जाग येऊन पुन्हा झोप लागत नाही, पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच नको वाटतं, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतं, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर हा ध्येयबियाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना भेटा. आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचाराचा विभाग आहे. तिथं जाणं जमत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. वर्षानुवर्षं आजारी माणसाचं करणाऱ्यांना नैराश्य गाठतं, हे डॉक्टर नेहमी बघतात. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

राहिली शिकवणी. बाई लागली, की आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या. मंगळवार, शुक्रवार म्हणा. त्या दिवशी मिस्टरांची ड्युटी असेल तर बारावीचा मुलगा आजीच्या खोलीत पुस्तक घेऊन बसेल. त्याला सांगताना संकोच करू नका, आजीला पाणी पाजता येणं हेही त्यानं शिकायचंच आहे. पूर्वीएवढी वीस पोरं नकोत, सहा-सात घ्या. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सुरू करा, म्हणजे अपूर्णांक पाचवीपासूनच हाती लागतील. काही संध्याकाळी तुम्ही वैतागून घरी याल. गोंगाटानं डोकं दुखेल, एखादा पोरगा महिनाभर शिकवूनही भागाकारात अडेल. चालेल. त्याचे गुण कुठं लिहायचे नाहीत.

रविवारच्या फोनवर दीर काय म्हणाले, ते मात्र मला नक्की कळवा. नाही म्हणाले, तर पुढं काय करायचं ते आपण बघू.